गडग्याच्या बाहेर दोरीने

आमच्या गावात कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली जो तो म्हणतो, ती आमच्या काकांची कल्पना, तो ठराव आमच्या मामांनी मांडला. कसले काका आणि कसले मामा! त्या बैठकीत सगळे काका-मामा चहाच्या बशीत तोंड घालून बसले होते. बोलले ती मी. आणि बोलून जी पंचाईत ओढवून घेतली तीही माझी मीच. दोन्हींचा मला अभिमान आहे, पंचाईतीचा जरा जास्तच.

पन्नास सालानंतर थोड्याच वर्षांनी मी लग्न होऊन या गावात आले. माहेर मिठबावचं, शिक्षण सातवी फायनल पास. नवरा मुंबईला नोकरीला. गणपतीत आणि मे महिन्यात घरी, बाकी वर्षभर पोस्टाने. घरात सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांची माडांची बाग होती, शिवाय ते देवळाचे मानकरी. जत्रेला, पालखीला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. सगळ्या गावाच्या वतीने ते देवाला हाक घालत तेव्हा आवाज खाली ओढ्यापर्यंत जाई. पण हाच माणूस घरात सुनेशी एक शब्द बोलत नसे. यात राग-लोभ काही नव्हता, तेव्हाची रीतच ती. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, सुनेने त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं झालं की सासूबाई मध्ये असत. "तिका सांग, पेजेत मीठ कमी आसा." की सासूबाई मान वळवून मला सांगत, "मीठ कमी आसा म्हणतत." मी तिथेच वाढायला उभी, हातात पळी! पण ऐकलं ते ऐकलं नाही असं धरायचं आणि सासूबाईंनी सांगितल्यावर मीठ आणायला जायचं.

सासूबाई गेल्या आणि मधला माणूसच गेला. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, नवरा मुंबईला परतला, आणि मग उरलो आम्ही दोघं. ते पुढच्या ओटीवर, मी दाराआड. त्यांना काय हवंय ते मला कळेना, घरात काय संपलंय ते त्यांना कळेना. एकदा तांदूळ संपले ते मी रिकामं माप उंबऱ्यावर पालथं घालून कळवलं. माहेरी मी अशी गप्प बसणारी नव्हे. माझी आई म्हणायची, ह्या चेडवाच्या तोंडाक कुलूप नाय. पण सासरी आल्यावर कुलूप आपलं आपणच लावायचं असतं, आणि मी ते लावलं होतं. आतून जीव नुसता घुसमटत होता.

तो पेच सोडवला कुत्र्याने. एका संध्याकाळी सासरे बागेतून आले, पाय धुतले, ओटीवर बसले. कुत्रा पायरीवर जीभ काढून बसलेला. सासरे त्याच्याकडे बघून म्हणाले, "काय रे, आज माणसाक चाय गावतली काय नाय?" कुत्र्याने कान हलवला. मी चुलीशी जरा थबकले. मग चहा गाळला, उंबऱ्यावर ठेवला आणि कुत्र्यालाच सांगितलं, "सांग रे तेंका, साखर सोपली. गूळ घातलंय." सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि कुत्र्याला म्हणाले, "गुळाचीच बरी लागता रे."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं सुरू झालं, आणि सुरू झालं ते थांबेना. मुंबईचं पत्र आलं की सासरे कुत्र्याला विचारत, "झिलान काय लिवल्यान हा रे?" मी कुत्र्याला अख्खं पत्र वाचून दाखवायची, मधल्या चार ओळी गाळून. कधी ते म्हणत, "मेल्या, कालच्या कढयेत तिखट केवढा होता! जीव गेलो असतो." मीही काही कमी नव्हते. "तुझ्याच जिभेचो दोष रे, भाताची दुसरी वाढ घेतलंस ती दिसली माका." की ओटीवरून खाकरल्याचा आवाज येई, म्हणजे हसू दाबलंय हे मला कळे. कुत्रा मात्र मोठा गंभीर. ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे मान वळवून लक्ष देऊन ऐकायचा. काळा होता, पोटाखाली पांढरा, एक कान कायमचा दुमडलेला. नाव काही नव्हतं. आमच्याकडे कुत्र्यांना नावं ठेवायची पद्धत नव्हती. यू यू केलं की यायचा. सकाळी सासऱ्यांच्या पुढे पुढे बागेत जायचा, माडांवरची माकडं हुसकायचा, संध्याकाळी त्यांच्या पुढे पुढे परत. त्याने आमच्या घरासाठी जे केलं ते गावातल्या एकाही माणसाला जमलं नसतं.

साठ सालाच्या आसपास पंचायतीचा नवा कायदा आला; पंचायतीत बाई मेंबर हवीच, असं वरून सांगणं आलं. तेव्हा गावातल्या पुरुषांची धांदल बघण्यासारखी होती. ज्यांच्या बायका हुशार ते म्हणाले, आमच्या मंडळीक वेळ नाय. फिरत फिरत सरपंच आमच्याकडे आले. त्यांचं किराणा दुकान होतं. माणूस चांगला, पण कुणाला दुखवायची भारी भीती. सासऱ्यांना म्हणाले, "तुमच्या सुनेक लिवाक-वाचूक येता. तिचा नाव घालू काय?" सासरे बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग कुत्र्याकडे वळून म्हणाले, "काय रे, जातली काय ती?" मी दाराआडून म्हटलं, "सांग रे तेंका, जातलंय." तेव्हा सासरे सरपंचांना म्हणाले, "घाला." सरपंच बिचारे एकदा कुत्र्याकडे, एकदा दाराकडे बघत राहिले.

अशी मी मेंबरीण झाले. सुरुवातीला बैठकीला जायचं, कोपऱ्यात बसायचं, दाखवतील तिथे सही करायची आणि घरी यायचं. कुणी मला विचारत नव्हतं आणि मीही मूग गिळून होते. असं वर्ष गेलं असेल.

मग ती गोष्ट घडली. समुद्राकाठच्या वाडीतली एक मासळीवाली माझ्या दारात नेहमी यायची. माझ्याच वयाची, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. बांगडे मोजून झाले की वर एक मूठ सुंगटं, म्हणजे कोळंबी, टाकायची आणि म्हणायची, "मेंबरीणबाय, ही तुमच्या सहीची!" पावसाळा सरता सरता डोक्यावर टोपली घेऊन ती वर येत होती, ओढ्यावरच्या साकवाशी एक तांबडा कुत्रा आडवा आला आणि तिच्या पोटरीला चावला. घरच्यांनी पाला वाटून बांधला, अंगारा लावला. मालवणला नेऊन पोटात सुया टोचून घ्यायला हव्यात, असं कुणी सांगेपर्यंत फार उशीर झाला होता. ती पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागली होती. गेली.

पिसाळलेला तो कुत्रा लोकांनी काठ्यांनी मारला. बाराव्यानंतर तिची आई पंचायतीच्या पायरीवर येऊन बसली. रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "कुत्रो कोणाचो होतो रे?" आणि प्रत्येक जण सांगायचा, "आमचो नाय, गो आये." अहो, आमच्या गावात कुत्रा कधी एका घराचा नसायचाच. इथे पेज प्यायची, तिथे भात खायचा, तिसऱ्याच्या खळ्यात झोपायचं आणि रात्री सगळ्या वाडीसाठी भुंकायचं. तो तांबडा कुत्रा सगळ्या वाडीच्या हातचं जेवलेला होता. चोरावर भुंकला की आमचो, आणि माणसाला चावला की कोणाचोच नाय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या बैठकीत सरपंच म्हणाले, तालुक्याहून माणूस बोलावतो, तो विष घातलेले गोळे टाकील, जत्रेच्या आधी गाव साफ. जत्रेला मालवण-कुडाळची माणसं येणार, उगाच बोभाटा नको. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पदर सारखा केला आणि पहिल्यांदा बोलले. म्हटलं, "विष घाला. हे कुत्रे मरतील, पुढच्या वर्षी दुसरे येतील. ते चावले की आपण परत म्हणू, आमचा नाही. ती म्हातारी रोज पायरीवर बसून विचारतेय, तिला आधी उत्तर द्या. कुत्रा कुणाचा, हे चावायच्या आधी ठरायला हवं, चावल्यावर नव्हे."

सगळ्यांनी परत चहाच्या बशीत तोंड घातलं. तेव्हा मीच सांगत गेले आणि ग्रामसेवक लिहीत गेला. ज्याला कुत्रा ठेवायचाय त्याने खुशाल ठेवावा. आपल्या गडग्याच्या आत मोकळा, गडग्याच्या बाहेर दोरीने. गडगा म्हणजे आमच्याकडची दगडावर दगड रचलेली कुंपणाची भिंत. ती प्रत्येक घराला असते, त्यामुळे यात कुणाला फाटे फोडायला जागा नव्हती. गळ्यात पंचायतीचा पट्टा हवा. चावला तर मालकाने त्या माणसाला मालवणला न्यायचं, सगळा खर्च सोसायचा. आणि पट्टा असा घरपोच मिळणार नाही. ज्याचा कुत्रा त्याने स्वतः कुत्रा घेऊन पंचायतीत यायचं आणि सगळ्यांसमक्ष आपल्या तोंडाने सांगायचं, हा माझा. बदली माणूस चालणार नाही, बायकोने किंवा मुलाने येऊन चालणार नाही. हे मी मुद्दाम घातलं, कारण मला माझा गाव माहीत. एकमेकांच्या नावावर कुत्रे घालून सगळे नामानिराळे राहिले असते! ठरल्या दिवशी ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल त्याला दुसऱ्या दिवशी तालुक्याचा माणूस विष घालील.

"आणि इचारतलो कोण?" एका मेंबराने काडी टाकली. "कोणाच्या दारात वाईट होवक मी तरी बसूचंय नाय." दुसरा हसून म्हणाला, "ज्यांनी ठराव मांडलो तेंनीच बसूचा. आमच्या वयनीच इचारतील." मला तर चेवच आला होता. "बसेन की! मीच विचारीन आणि मीच पट्टा बांधीन." सगळ्यांनी पटापट हात वर केले, नको ती कटकट दुसऱ्याच्या गळ्यात पडल्यावर हात वर करायला काय जातंय! पण खरं सांगते, तो ठराव पुढे आमच्या गावात वर्षानुवर्षं चालला, आणि धामापूरकडची मंडळी येऊन तो उतरवून घेऊन गेली. असा ठराव मी केला होता, सातवी पास बाईने.

तरंगत घरी निघाले आणि साकवापाशी पाय जागच्या जागी थिजले. आमच्या दारातला कुत्रा कुणाचा? सासऱ्यांचा. म्हणजे सासऱ्यांनी पंचायतीत यायचं, माझ्यापुढे उभं राहायचं, मी त्यांना तोंडाने विचारायचं आणि त्यांनी मला तोंडाने उत्तर द्यायचं. सगळ्या गावासमोर! ज्या घरात सासरा सुनेला पेजेचं मीठसुद्धा कुत्र्याकडून सांगतो त्या घरच्या सुनेने हा नियम केला होता. गावभरच्या कुत्र्यांचा विचार केला आणि आपल्या पायरीवरचा विसरले. कपाळावर हात मारून घेतला.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. सासरे ओटीवर होते. मी आत गेल्यावर कुत्र्याला म्हणाले, "काय रे, तुका आता गळफास लावतले म्हणे?"

मी म्हटलं, "गळफास नाय रे, पट्टो. ज्याचो मालक आसा तेका पट्टो. ज्याचो नाय तेका विष."

"ह्या घरातल्या कुत्र्याक कधी दोरी लागाक नाय. आणि मी ह्या गावात देवासोडून कोणाच्या समोर जावन उभो रवाक नाय. सांग तिका."

"सांग तेंका, ठराव सगळ्यांका सारखो."

सासरे उठले, आत गेले, आणि त्या दिवसापासून कुत्र्याशीही बोलायचे थांबले. पेज वाढली की प्यायचे, पान ठेवलं की जेवायचे, बस. कुत्रा एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे बघे आणि मग हिरमुसून पायरीवर अंग टाकी. सासूबाई गेल्या तेव्हा घर जसं झालं होतं तसंच परत झालं. मला ते सोसवेना.

वर आणि काय, तर सासरे रोज सकाळी कुत्र्याला मोकळा घेऊन गडग्याबाहेर पडत आणि मुद्दाम तिठ्यावरून, लोकांच्या नाकासमोरून बागेत जात. दुकानाच्या बाकावर बसणाऱ्यांना तेवढंच हवं होतं. "मेंबरिणीच्या घरचो कुत्रो बघा कसो मोकळो!" कुडाळच्या बाजारातून आणलेले पट्टे पंचायतीच्या कपाटात तसेच पडून होते. कुणीही येईना. सगळ्या गावाचं लक्ष आमच्या घराकडे. मानकऱ्यांच्या कुत्र्याला सूट मिळाली तर मग आपल्याला कशाला पट्टा हवा, असा सरळ हिशोब होता. म्हणजे सासरे आले नाहीत तर एक तर कुत्रा जाणार, नाहीतर ठराव जाणार. तिसरी वाट नव्हती.

तिसरी वाट सरपंचांनी काढली. एके दिवशी मी दुकानात साखर आणायला गेले तेव्हा पुडीबरोबर एक पट्टा पुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "वयनीनू, तुमच्या घरच्या कुत्र्याक कोण विष घालतलो? ह्यो घराकडे नेवन बांधून टाका. कोणाक कळता?"

मी पट्टा परत सरकवला. "मला कळतं ना! उद्या तुमचा कुत्रा कुणाला चावला तर मी कुठल्या तोंडाने विचारू?"

"आणि ते नायच इले तर?"

"नाही आले तर पट्टा नाही."

असं ठणकावून सांगितलं खरं, पण घरी येऊन चुलीपुढे बसले आणि ढसाढसा रडले. कुत्रा आला आणि माझ्या पदरात डोकं घालून बसला. बोलायची तोंडं दोन आणि ऐकायचे कान त्याचे, असं ते घर होतं. आणि त्याला मारायचा ठराव माझ्या नावावर! तो गेला असता तर सासऱ्यांनी मला जन्मात क्षमा केली नसती, आणि मीही केली नसती.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी तोंडाचं कुलूप काढून टाकलं. सासरे ओटीवर सुपारी कातरत होते. मी उंबऱ्याच्या आत बसले, कुत्र्याला जवळ घेतलं आणि त्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तुका वाटता माका तुझी माया नाय? माया आसा. पण उद्या मी तुका मालकाशिवाय पट्टो बांधूचंय नाय. ती बांगडेवाली गेली तेव्हा ह्या सगळ्या गावात एक माणूस म्हणाक नाय, की कुत्रो माझो. एक जरी जण म्हटल्यान असतो, तर तिच्या आवशीक रोज त्या पायरीर येवन बसूचा लागला नसता. माका तेवढाच व्हया रे. कोणीतरी माझो म्हणूक व्हया." अडकित्त्याचा आवाज थांबला. मी वाट बघत राहिले. थोड्या वेळाने अडकित्ता परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत टेबल मांडून मी बसले. पंचायत तेव्हा तिथेच भरे. शेजारी ग्रामसेवक, टेबलावर पट्ट्यांचा ढीग. पायरीवर ती म्हातारी. समोरच्या वडाखाली अर्धा गाव जमलेला, पण नुसता गंमत बघायला. कुत्रा एकाकडेही नाही. बऱ्याच वेळाने एक जण एका कुत्र्याला काखेत मारून आला. मी विचारलं, "हा कुत्रा कुणाचा?" तो म्हणाला, "वाडीचो." मी म्हटलं, "चावला तर वाडी मालवणला नेईल का?" त्याने डोकं खाजवलं, म्हणाला, "मगे वाडयेत इचारून येतंय," आणि गेला तो गेलाच. वडाखाली हशा पिकला. माझे कान तापले, पण मी उठले नाही. मनात म्हटलं, दिवस मावळेपर्यंत एकटी बसेन, पण बसेन.

उन्हं कलली आणि वडाखालचा आवाज एकाएकी बंद झाला. मी मान वर केली. सासरे येत होते. अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी. हा कोट ते फक्त मालवणच्या कोर्टात जाताना घालत. हातात काथ्याची कोरी दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा. जन्मात दोरी न पाहिलेलं ते जनावर तिरकं तिरकं चालत होतं, पण चालत होतं. लोकांनी आपसूक वाट सोडली. सासरे पायरीपाशी क्षणभर थांबले, म्हातारीकडे बघितलं, आणि वर येऊन टेबलासमोर उभे राहिले.

मी ताडकन उठले. सासऱ्यांसमोर सून बसत नाही, पाय आपोआप उभे राहिले. पदर कपाळावर ओढला.

सासरे म्हणाले, "बसा. कचेरीत बसून विचारायचं असतं."

माझ्याशी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, आणि तेही कोर्टात बोलावं तशा मराठीत, अहोजाहो करून. मी बसले. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि विचारलं, "हा कुत्रा कुणाचा?"

"माझा."

"चावला तर?"

"जबाब मी देईन. मालवणला मी नेईन. हा कुत्रा माझा आहे." हे शेवटचं ते माझ्याकडे बघून नाही बोलले, पायरीकडे तोंड करून बोलले, गाऱ्हाण्याच्या आवाजात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती रडली. मागे वडाखाली हालचाल सुरू झाली. एक-दोघं कुत्रे आणायला घराकडे पळालेही. आमचा कुत्रा मात्र गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. दोघं बोलतायत आणि त्याला कुणीच काही सांगत नाही, हे त्याला झेपत नव्हतं.

मी पट्टा घेऊन टेबलाच्या पुढे आले, खाली वाकले. पट्टा कोरा, ताठ, बक्कल लागेना. कसंबसं एका भोकात अडकवलं. सासरे कुत्र्याला धरायला म्हणून वाकले, त्यांनी पट्ट्याखाली बोट घालून बघितलं आणि माझ्या कानाशी, घरच्या बोलीत, हळूच म्हणाले, "आणखी घट बांध गो. सुटलो तर गाव तुका हसतलो, माका नाय."

डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. मी बक्कल सोडलं आणि पुढच्या भोकात घट्ट लावलं.